तबकडीत मावेल तेवढे

लग्न, मुंज, साठीशांत आणि डोहाळजेवण या चार बाबींवर ज्याचा चरितार्थ चालतो अशा व्हिडिओ मिक्सिंगच्या धंद्यात, साताऱ्यातल्या एका माडीवरच्या खोलीत, माझी उमेदीची वर्षे गेली. लोकांच्या लेखी आमचा धंदा कॅमेऱ्याचा. परंतु कॅमेरा घेऊन मांडवात हिंडणारा गृहस्थ निराळा असे, आणि त्याने आणून टाकलेल्या सहा-सात तासांच्या कच्च्या ऐवजातून यजमानांच्या हाती ठेवता येईल अशी एक तबकडी सिद्ध करणे ही माझी कामगिरी होती. ही कामगिरी मुळात वाटणीची आहे, हे व्हीएचएसच्या अमदानीत ध्यानात येण्याचे कारणच नव्हते. तीन तासांची कॅसेट भरली की दुसरी लावावी असा त्या काळचा ढिला शिरस्ता होता, आणि सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत सारे जसेच्या तसे देऊन टाकले तरी कोणी तक्रार घेऊन माडी चढत नसे. हाय डेफिनिशन आले आणि वाटणीवरून तंटे सुरू झाले.

एचडीव्ही ही पद्धत जपानी कंपन्यांनी २००३ मध्ये ठरवली. आमच्या जिल्ह्यात तिचे पाऊल पडायला पुढे चार-पाच वर्षे गेली, आणि ते पडले सोनीच्या एचव्हीआर-एचडी१००० या खांद्यावर घ्यायच्या कॅमेऱ्याच्या रूपाने. त्याचा थोरला देह पाहूनच वऱ्हाडात चित्रीकरण करणाऱ्याची पत वाढत असे. गंमत अशी की कॅसेट जुनीच, मिनीडीव्ही. सेकंदाला २५ मेगाबिट हा तिच्यावर लिहिण्याचा वेगही जुनाच. आणि तेवढ्याच फितीवर जिथे पूर्वी ५७६ ओळींचे चित्र मावत असे तिथे आता १०८० ओळींचे मावू लागले. ही करामत मेपेग-२ या संकोचन-पद्धतीची. जुन्या डीव्हीत प्रत्येक चित्र आपापल्या पायावर उभे असे. एचडीव्हीत बारा चित्रांचा एक गट बांधून त्यातले एकच पूर्णपणे लिहायचे आणि उरलेल्या अकरांच्या बाबतीत केवळ फरकाची नोंद करायची, असा हिशेब होता. परिणामी फितीवर धुळीचा कण बसला तर पूर्वी चित्रात दोन-चार ठिगळे दिसून भागत असे, आता जवळजवळ अर्धा सेकंद जागच्या जागी थिजून जाई. आणि तो अर्धा सेकंद नेमका मंगळसूत्र बांधण्याचा निघाला तर त्याची भरपाई कोणतेही सॉफ्टवेअर करू शकत नसे. म्हणून लग्नाला कोरीच कॅसेट घालायची हा आमचा कटाक्ष, आणि काम झाल्यावर ती यजमानांनी तबकडीबरोबर घरी न्यावी हा माझा आग्रह. तो फार थोड्यांनी मानला. कॅसेटचे पैसे वेगळे पडत, घरी ती लावायला यंत्र नसे. ‘असू द्या तुमच्याकडेच’ म्हणून मंडळी जिना उतरत, आणि मग ती कॅसेट यथावकाश एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला किंवा पतसंस्थेच्या वार्षिक सभेला कामी येई.

फायरवायरच्या तारेने कॅसेट संगणकात उतरवायची, तर जितक्या तासांची कॅसेट तितकेच तास लागत; तिथे घाई चालत नाही. या सक्तीच्या बैठकीत मी सबंध लग्न एकदा डोळ्यांखालून घालीत असे, आणि जुन्या-नव्यातला खरा फरक मला तिथे दिसला. डीव्हीच्या चित्रात नवरानवरी, दोघांचे आईबाप आणि भटजी एवढी माणसे ओळखू येत. त्यांच्यामागे जे काही हालत असे त्याला गर्दी म्हणायची पद्धत होती. एचडीव्हीत गर्दी उरली नाही. तिसऱ्या रांगेत कानामागे हाताचा पंजा धरून मंगलाष्टका ऐकणारे वृद्ध गृहस्थ, खांबाला टेकून पदराने डोळे टिपणारी आत्या, पानांची मोजदाद करता करता मधूनच बोहल्याकडे मान उंचावून पाहणारा मामा, ही माणसे आपापल्या चेहऱ्यांनिशी पुढे आली. घरची मंडळी जोडणी पाहायला येत तेव्हा त्यांचीही नजर नवरानवरीवर ठरत नसे.

“दादा, ते मागे बसलेत ना, ते आमचे अण्णा. ते तेवढे राहू द्या हं.”

“काकू, पण तिथे नुसता अक्षतांचा गोंधळ आहे, आणि भटजींचं मंगलाष्टक संपता संपत नाहीये.”

“असू द्यात हो. अण्णा आता पुन्हा दिसायचे कुठे?”

यावर काय बोलणार? चित्राची स्पष्टता वाढली तसे चित्रातले हक्कदार वाढले, आणि ज्या मिळकतीवर ते हक्क सांगत होते ती तबकडी मात्र होती तेवढीच राहिली.

त्या मिळकतीचा आकार एकदा सांगून ठेवला पाहिजे. डीव्हीडीच्या वेष्टनावर ४.७ जीबी छापलेले असते. संगणक तीच तबकडी ४.३८ ची दाखवतो, कारण कारखानदार हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ ने. एवढ्यावरून दुकानदाराशी हुज्जत घालणारे नवशिके मी पुण्याच्या तपकीर गल्लीत पाहिलेले आहेत. बिटांत बोलायचे तर ही सुमारे ३७,६०० मेगाबिटांची जागा. तीत दोन तासांचे, म्हणजे ७,२०० सेकंदांचे लग्न बसवायचे तर सेकंदाच्या वाट्याला सव्वापाच मेगाबिटांना किंचित कमी एवढे येतात, आणि त्यातच चित्र, ध्वनी आणि मेनू यांचा बंदोबस्त करायचा. ध्वनी पीसीएम स्वरूपात ठेवला तर तो एकटा दीड मेगाबिट घेऊन बसतो; डॉल्बीच्या एसी-३ स्वरूपात ठेवला तर पाव मेगाबिटात भागते, आणि मांडवातल्या सनईत कोणालाही फरक कळत नाही; म्हणून पहिली काटकसर तिथे. तासाभराचे काम असले तर सेकंदाला आठ मेगाबिट सढळ हाताने देता येतात. त्याहून अधिक द्यावे म्हटले तरी ९.८ ही डीव्हीडीच्या चित्राची ठरलेली कमाल मर्यादा आहे. उलट तीन तास बसवायचे तर साडेतीन मेगाबिटांवर येऊन ठेपावे लागते. सॉफ्टवेअर या बाबतीत मोठे आज्ञाधारक: ‘फिट टू डिस्क’ या चौकटीत खूण केली की ते तीन तास निमूटपणे बसवून देते, चारही देते, बसवताना कोणाचे काय कापले याचा दाखला मात्र ते कुठेच ठेवत नाही.

काय कापले जाते ते पाहायचे असेल तर अक्षतांचा क्षण पाहावा. मेपेगचा सारा डोलारा, मागच्या चित्रात जे होते तेच बहुतांशी पुढच्या चित्रात असणार, या एका गृहीतावर उभा आहे. भटजी पोथी वाचत आहेत, अंतरपाट स्थिर आहे, मंडळी उभी आहेत, तोवर हे गृहीत खरे ठरते आणि थोडक्या बिटांतही चित्र उजळ राहते. परंतु ‘सावधान’चा उच्चार होताच शे-दोनशे हातांतून हजारो तांबडे तांदूळ एकाच वेळी हवेत उडतात, प्रत्येक दाण्याची वाट निराळी, वरून फ्लॅशचा लखलखाट, आणि फ्लॅशसरशी सगळे चित्रच क्षणभर पांढरे, म्हणजे मागच्या चित्रातले पुढच्या चित्रात काही उरतच नाही. अशा वेळी बिट तोकडे पडले की वधूवरांच्या चेहऱ्यांवर लहान लहान चौकोन उमटतात. ज्या क्षणासाठी दोन घरांनी वर्षभर खटाटोप केला तोच क्षण संकोचनाला सर्वांत जड जावा, ही या शास्त्राची एक विक्षिप्त अडचण आहे. तिच्यावर तोड म्हणजे दुहेरी फेरीचे एन्कोडिंग. जाणता वाढपी जिलबीचे ताट हाती घेण्यापूर्वी सबंध पंगतीवरून नजर फिरवून पाने मोजतो आणि मगच हात सैल सोडायचा की आखडता घ्यायचा ते ठरवतो, तद्वत हे यंत्र पहिल्या फेरीत एक बिटही न लिहिता नुसते सगळे लग्न पाहते, कोठे किती धांदल आहे याची टिपणे करते, आणि दुसऱ्या फेरीत अंतरपाटाचे वाचवून अक्षतांना देते. त्या काळच्या संगणकाला यात सारी रात्र जाई.

जरीची अडचण निराळ्या जातीची. पैठणीच्या काठातली एखादी आडवी रेघ १०८० ओळींच्या चित्रात स्वच्छ उमटलेली असे. तेच चित्र ५७६ ओळींत आणताना ती रेघ इतकी बारीक होई, की एक आड एक ओळींनी रंगणाऱ्या चित्राच्या दोन अर्ध्यांपैकी एकाच अर्ध्यात ती सापडावी, आणि मग टीव्हीवर ती सारखी लुकलुकत राही. उपाय असा की आकार कमी करण्यापूर्वी चित्र उभ्या दिशेने किंचित बोथट करावे. म्हणजे ज्या तीक्ष्णतेसाठी महागडा कॅमेरा घेतला ती आपल्याच हाताने घासून टाकावी. याच दोन अर्ध्यांचा आणखी एक कायदा होता: जुन्या डीव्हीत खालचे अर्धे आधी, एचडीव्हीत वरचे आधी. हळदीचे चित्रण एखाद्या चुलतभावाच्या जुन्या हँडीकॅमवर आणि लग्नाचे नव्या कॅमेऱ्यावर झालेले असले, आणि दोन्ही एकाच मांडणीत घेताना सॉफ्टवेअरला हा क्रम बजावून सांगितला नाही, की हळद खेळणाऱ्या बायका प्रत्येक हालचालीत किंचित मागे जाऊन पुन्हा पुढे येऊ लागत. संगणकाच्या पडद्यावर हा दोष दिसत नाही. तो दिसावा म्हणून जुन्या पिक्चर ट्यूबचा एक अवजड टीव्ही माझ्या टेबलाचा निम्मा भाग अडवून बसलेला असे, आणि त्याच्यावर पाहिल्यावाचून कोणतीही तबकडी मी बाहेर सोडली नाही.

इतके सगळे केल्यानंतर यजमानांच्या हाती जे पडे त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एचडीव्हीच्या एका चित्रात १४४० गुणिले १०८० ठिपके. डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६. म्हणजे बरोबर पावणेचार ठिपक्यांचा मिळून एक ठिपका. माझ्या पडद्यावर पाहून ज्यांच्यासाठी वाद घातले ते तिसऱ्या रांगेतले अण्णा घरच्या टीव्हीवर पुन्हा गर्दीत जमा झालेले असत. मंडळींना ते जाणवे, पण नेमके काय हरवले ते सांगता येत नसे. ‘तुमच्याकडे जसं दिसलं तसं घरी दिसत नाही’ एवढीच त्यांची कैफियत.

तिचे खरे उत्तर ब्लू-रे हे होते. डीव्हीडी वाचणारा लाल किरण ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रेचा निळसर जांभळा ४०५ चा. किरणाची तरंगलांबी जितकी आखूड तितका त्याचा ठिपका बारीक. लागोपाठच्या दोन वळशांतले अंतर ०.७४ मायक्रोमीटरवरून ०.३२ वर आले, आणि तेवढ्याच व्यासाच्या तबकडीत २५ जीबी मावू लागले. हा किरण देणाऱ्या गॅलियम नायट्राइडवर जपानात ज्यांनी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या त्यांपैकी तिघांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा आमच्या माडीवर त्याचा आनंद अंमळ खाजगी स्वरूपाचा होता. तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये एचडी-डीव्हीडीतून अंग काढून घेतले आणि कोणत्या तबकडीवर विश्वास टाकावा हा घोळ मिटला. पंचवीस जीबी म्हणजे दोन लक्ष मेगाबिट. एचडीव्हीच्या स्वतःच्या वेगाने भागले तर दोन तास तेरा मिनिटे. शिवाय ब्लू-रेच्या नियमांत १४४० गुणिले १०८० चे मेपेग-२ चित्र जसेच्या तसे बसत असल्यामुळे, जिथे मी कात्री लावली नाही तिथे चित्राला हात लावण्याचीच गरज नसे. ध्वनी तेवढा एसी-३ करून घ्यायचा. म्हणजे वाटणी बिटांची न राहता केवळ मिनिटांची राहिली. आणि मिनिटांची वाटणी माणसे समोरासमोर बसून करू शकतात.

परंतु कोरी ब्लू-रे तबकडी सुरुवातीला काही शे रुपयांची, डीव्हीडी दहा-वीस रुपयांची, आणि ब्लू-रे वाजवणारे यंत्र घरी असलेला यजमान विरळा. असे जे थोडे होते त्यांच्याकडे बहुधा मुलासाठी घेतलेला प्लेस्टेशन-३ असे, आणि लेकीचे लग्न पाहण्यासाठी बापाला मुलाच्या खेळण्याची मुदत संपण्याची वाट पाहावी लागे. अशांसाठी एक मधली तजवीज होती: साध्या डीव्हीडीवरच एव्हीसीएचडी पद्धतीने हाय डेफिनिशन चित्र लिहायचे. सेकंदाला १८ मेगाबिट धरले तर त्यात फक्त पस्तीस मिनिटे मावतात. मला स्वतःला ही पस्तीस मिनिटांची तबकडी सर्वांत प्रिय होती, आणि ग्राहकाने सल्ला विचारला तर मी तीच सुचवीत असे. तीन तासांचे धुरकट लग्न कपाटात राहते आणि पस्तीस मिनिटांचे लखलखीत लग्न दिवाळीला पाहुण्यांसमोर लागते, असा माझा अनुभव आहे. तीत वरात जाई, आहेरांची रांग जाई, पंगतीतली निम्मी पाने जात. परंतु अण्णा राहत, आणि ओळखू येत. पस्तीस मिनिटे कोणती, यावर घरोघरी जी रदबदली चाले तिच्या वेळी मी चहा मागवून स्वस्थ बसत असे. वधूपक्षाचे किती आणि वरपक्षाचे किती हे तर लोक घड्याळ लावून पाहत.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मुलगा-सून असलेल्यांची बाब आणखी वेगळी. आपल्याकडची वीज पन्नास आवर्तनांची, म्हणून आपले चित्र सेकंदाला पंचवीस. तिकडचे सुमारे तीस. आपल्या घरचे प्लेअर दोन्ही चालवून घेत. तिकडचे पुष्कळसे प्लेअर आपल्या तबकडीला ओळखच देत नसत, आणि यात ब्लू-रेही अपवाद नव्हते. तेव्हा परदेशी जाणारी प्रत निराळी करायची, तीत दर सेकंदाला पाच चित्रे नव्याने कल्पून घालायची, आणि अक्षतांची चाल त्यामुळे थोडी अडखळते हे कागदावर आधीच लिहून द्यायचे.

तबकडी लिहिण्याचे प्रत्यक्ष काम सर्वांत कमी वेळाचे, पण जिवाला घोर लावणारे. त्या वर्षांत भारनियमनाचे वेळापत्रक हेच आमचे पंचांग होते. एन्कोडिंग मध्येच तुटले तर रात्र वाया जाई, ते परवडे. लेखन मध्येच तुटले तर तबकडी कायमची निकामी, कारण रंगद्रव्यावर किरणाने उठवलेली खूण पुसता येत नाही. म्हणून यूपीएसचा दिवा हिरवा पाहायचा, वेग वेष्टनावर सोळापट छापला असला तरी चौपटच ठेवायचा, लेखन चालू असताना त्या संगणकाला दुसरे कोणतेही काम सांगायचे नाही, शेवटी फायनलाइझ झाल्याची खात्री करायची आणि मग लिहिलेला प्रत्येक बिट मुळाशी ताडून पाहण्याची ‘व्हेरिफाय’ची फेरी चुकवायची नाही. वरून कागदी लेबल चिकटवण्याची हौस लोकांना फार. एका बाजूला जरासे सरकलेले लेबल फिरत्या तबकडीचा तोल बिघडवते, म्हणून मी छपाईच्या पांढऱ्या पाठीच्या तबकड्याच वापरीत असे.

मेनूबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सीमांतपूजन, हळद, मुहूर्त, सप्तपदी, कानपिळी, झाल अशी नावे बटणांवर घालायची, तर पुष्कळ सॉफ्टवेअरांत युनिकोडची जोडाक्षरे फुटत. ‘सप्तपदी’तला प आणि त एकमेकांना सोडून उभे राहत. जुन्या श्री-लिपीच्या फॉण्टमध्ये ते नीट बसत, म्हणून त्या जुन्या फॉण्टांचे आयुष्य आमच्या माडीवर पुष्कळ लांबले.

पुढे पेन ड्राइव्ह आले, टीव्हीलाच ते लावण्याचे छिद्र आले, आणि जागेची मर्यादा गेली तशी वाटणीही गेली. आता सात तासांचे चित्रण सात तासांचेच दिले जाते आणि ते कोणी पाहत नाही, असे मला दिसते. कोणाला याचा राग आला तरी माझा नाइलाज आहे. तबकड्या करणारे कारखानेही मिटत गेले. नोएडाची मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिण्याच्या ब्लू-रे तबकड्या आणि मिनीडीव्ही कॅसेट या दोन्हींचे उत्पादन एकदमच थांबवले. माझ्याकडे अजून फायरवायरचे छिद्र असलेला जुना संगणक आणि एक चालू कॅमेरा आहे, तो केवळ कॅसेट उतरवण्यापुरता.

कारण लोक आता उलट दिशेने येऊ लागले आहेत. ज्या नवरीच्या लग्नाची तबकडी मी केली तिची मुलगी शाळेत जाते. अण्णा, आत्या, मामा यांपैकी कोणी ना कोणी गेलेले असते. आणि डीव्हीडी पुढे करून मंडळी म्हणतात की यातून अण्णांचा एक चांगला फोटो काढून द्या, तेव्हा तुमच्याकडे किती स्वच्छ दिसत होते. मी आधी कॅसेट विचारतो. ती घरी नेलेली असली तर तासाभरात काम होते आणि फोटो भिंतीवर लावण्याजोगा निघतो; ब्लू-रे किंवा ती पस्तीस मिनिटांची तबकडी असली तरी चालते. नुसती डीव्हीडी असली तर ५७६ ओळींत अण्णांच्या चेहऱ्याच्या वाट्याला जेवढे ठिपके आले असतील तेवढेच देता येतात. हल्ली नवे सॉफ्टवेअर उरलेले ठिपके स्वतःच्या कल्पनेने भरून देते, पण त्यात दिसणारे नाक अण्णांचे असेलच याची हमी मी देत नाही, आणि पावतीवर तसे लिहून घेतल्याशिवाय ते काम हाती धरत नाही.